बीटची साखर आणि इतिहासाची कादंबरी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि परजिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या शेतांच्या कडेने उभ्या राहतात. साखर कोणाच्या घामातून येते, हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नेमक्या याच प्रश्नापायी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका नामवंत कादंबरीकार स्त्रीचा संसार कर्जात बुडाला. गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या उसाची साखर नको, म्हणून तिच्या पतीने बिटापासून साखर काढण्याचा कारखाना उभारला आणि तो फसला. त्या कादंबरीकार म्हणजे लिडिया मारिया चाइल्ड. २० ऑक्टोबर १८८० रोजी, म्हणजे आपल्याकडे गळीत हंगामाची लगबग असते त्याच दिवसांत, त्यांचे निधन झाले.

गुलामगिरीविरुद्ध लिहिणारी अमेरिकी लेखिका म्हटले की मराठी वाचकाला हॅरिएट बीचर स्टो यांचेच नाव आठवते. त्यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. चाइल्ड यांनी हाच विषय त्याआधी १९ वर्षे हाती घेतला होता. तोही कादंबरीच्या आडून नव्हे, तर उघडपणे आणि स्वतःच्या नावाने. त्याची जी किंमत त्यांना मोजावी लागली, तिचा हिशेब मात्र फारसा कोणी ठेवला नाही.

लिडिया यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८०२ रोजी बोस्टनजवळील मेडफर्ड या गावी झाला. माहेरचे आडनाव फ्रान्सिस. ‘मारिया’ हे नाव त्यांनी पुढे स्वतःच घेतले. वडिलांची पावभट्टी होती आणि तेथील कडक बिस्किटे ‘मेडफर्ड क्रॅकर्स’ या नावाने दूरवर खपत. घरात पैसा होता, पण पुस्तकांची आवड फक्त लिडिया आणि त्यांचे थोरले बंधू कॉन्व्हर्स यांना. बंधू हार्वर्डला गेले. मुलींना ते दार बंद होते. लिडिया बारा वर्षांच्या असताना आई वारली आणि त्यांची रवानगी मेन प्रांतातील नॉरिजवॉक येथे, विवाहित बहिणीकडे झाली. त्या काळी हा वस्तीच्या टोकाचा रानमुलूख. तेथे नदीकाठी आबेनाकी जमातीच्या लोकांच्या झोपड्या होत्या. लिडिया त्यांच्याकडे जात-येत. पुस्तकांत ज्यांना रानटी म्हटले जाई, ती माणसे त्यांनी चुलीजवळ बसलेली, मुलांना खेळवणारी अशी पाहिली. पुढच्या सगळ्या लेखनाचे बीज या काही वर्षांत पडले असे म्हणता येते.

वयाच्या विशीत त्या बोस्टनजवळील वॉटरटाउन येथे परतल्या. बंधू तेथे धर्मोपदेशक झाले होते आणि त्यांच्या घरी विद्वानांची ऊठबस असे. वॉल्टर स्कॉटच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी तेव्हा सर्व इंग्रजी वाचकांना वेड लावले होते. एका रविवारी दुपारी बंधूंच्या अभ्यासिकेत लिडिया यांच्या हाती एका त्रैमासिकाचा जुना अंक लागला. न्यू इंग्लंडच्या आरंभकाळात कादंबरीकाराला केवढी सामग्री आहे, याची चर्चा त्यातील एका परीक्षणात होती. त्यांनी लेखणी उचलली आणि त्याच दुपारी पहिले प्रकरण लिहून काढले. बंधूंना दाखवले, तर हे खरोखर बहिणीनेच लिहिले आहे का, यावर त्यांचा विश्वास बसेना. सहा आठवड्यांत कादंबरी पूर्ण झाली. ‘होबोमोक’ १८२४ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिकेचे वय होते २२. मुखपृष्ठावर तिचे नाव नव्हते. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ यायला अजून ४७ वर्षे होती.

‘होबोमोक’ची कथा १६२९ च्या सुमारास सेलम येथील गोऱ्या वसाहतीत घडते. मेरी कॉनन्ट या तरुणीचे ज्याच्यावर प्रेम आहे, तो वडिलांच्या कर्मठ पंथाचा नाही. त्याला वसाहतीतून घालवून देतात. पुढे तो समुद्रात बुडाल्याची बातमी येते आणि दुःखाने सैरभैर झालेली मेरी होबोमोक या आदिवासी तरुणाशी विवाह करते. त्यांना मुलगाही होतो. मग तो पहिला प्रियकर जिवंत परततो. होबोमोक काहीही न मागता पत्नीला मोकळे करून पश्चिमेच्या अरण्यात निघून जातो आणि त्याचा मुलगा इंग्रज म्हणून वाढतो. गोऱ्या मुलीने आदिवासी पुरुषाशी संसार करावा, ही गोष्टच बोस्टनच्या समीक्षकांना अभिरुचीहीन वाटली. आजचा वाचक वेगळ्या ठिकाणी अडखळतो. नायिकेला एवढे धाडस देणाऱ्या लेखिकेने शेवटी आदिवासी नायकाला सोयीस्करपणे नाहीसे केले आणि त्याच्या मुलाचे कूळही पुसून टाकले. बाविसाव्या वर्षी लेखिका काळाच्या पुढे गेल्या होत्या खऱ्या, पण शेवटच्या प्रकरणात त्या काळाकडे परत आल्या. ही गोष्ट पुढे त्यांनाच खटकली असावी, असे त्यांचे नंतरचे लेखन पाहता वाटते.

वर्षभराने दुसरी ऐतिहासिक कादंबरी आली, ‘द रिबेल्स’. स्वातंत्र्ययुद्धापूर्वीचे बोस्टन हा तिचा विषय. कादंबरी म्हणून ती बेताचीच आहे, पण तिच्याबाबत एक मजेशीर प्रकार घडला. ब्रिटिशांच्या करांविरुद्ध आवाज उठविणारे वकील जेम्स ओटिस यांच्या तोंडी लेखिकेने स्वतः रचलेले एक भाषण घातले होते. ते इतके ठसठशीत उतरले, की शालेय वाचनमालांत ते ओटिस यांचे अस्सल भाषण म्हणून छापले गेले आणि कित्येक वर्षे अमेरिकी मुले ते पाठ करून म्हणत राहिली. ऐतिहासिक कादंबरीकाराला याहून मोठी पावती ती कोणती? इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र घाम फुटावा अशीच ही गोष्ट आहे.

१८२६ मध्ये लिडिया यांनी मुलांसाठी ‘जुव्हेनाइल मिसेलनी’ हे द्वैमासिक सुरू केले. अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या बालमासिकांपैकी हे एक. अंक यायचा असला की बोस्टनमधील मुले घराच्या दगडी पायऱ्यांवर वाट पाहत बसत, अशी आठवण कॅरोलाइन हिली डॉल यांनी पुढे लिहून ठेवली आहे. या डॉलबाईंचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये लिहिणाऱ्या त्या याच.

ऑक्टोबर १८२८ मध्ये डेव्हिड ली चाइल्ड या वकील-संपादकाशी लिडिया यांचा विवाह झाला. चाइल्ड या आडनावाचा अर्थ मूल, पण मुलांसाठी आयुष्यभर लिहिणाऱ्या या दांपत्याला मूल झाले नाही. डेव्हिड तत्त्वाला पक्के आणि व्यवहाराला कच्चे होते. वृत्तपत्रातील लेखनावरून त्यांच्यावर बदनामीचे खटले झाले, तुरुंगवासही घडला. कर्ज वाढत गेले. संसाराचा गाडा पत्नीच्या लेखणीवर चालू लागला. १८२९ मध्ये लिडिया यांनी ‘द फ्रुगल हाउसवाइफ’ हे काटकसरीच्या गृहव्यवस्थेचे पुस्तक लिहिले. नोकरचाकर परवडत नाहीत अशा घरांसाठी ते होते. स्वस्त मांसाचे पदार्थ, शिळ्या पावाचा उपयोग, घरगुती औषधे, जुन्या कपड्यांची सोय असे सारे त्यात होते. उच्चभ्रूंनी नाके मुरडली, पण पुस्तकाच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. देशाला काटकसर शिकविणाऱ्या बाईंच्या घरात पैसा टिकत नव्हता, कारण तो ज्याच्या हातून जाई त्याच्यावर पुस्तकाचा इलाज चालत नव्हता.

तिशीला आलेल्या लिडिया यांच्याकडे आता सर्व काही होते. कादंबरीकार म्हणून नाव, घरोघरी पोचलेले पुस्तक, मुलांचे लाडके द्वैमासिक. बोस्टन अथेनियम या प्रतिष्ठित ग्रंथालयाने स्त्री असूनही त्यांना पुस्तके वापरण्याची खास सवलत दिली होती. याच काळात गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांच्याशी त्यांची गाठ पडली. अथेनियमच्या सवलतीचा उपयोग करून लिडिया यांनी गुलामगिरीचा इतिहास, कायदे आणि अर्थकारण अभ्यासले. १८३३ मध्ये ‘ॲन अपील इन फेव्हर ऑफ दॅट क्लास ऑफ अमेरिकन्स कॉल्ड आफ्रिकन्स’ हा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला.

ग्रंथाच्या नावातच आफ्रिकी वंशाच्या माणसांना अमेरिकी म्हटले आहे, याकडे लक्ष द्यायला हवे. तेव्हा अनेक सज्जन मंडळी गुलामांना मुक्त करून आफ्रिकेत परत पाठविण्याच्या योजना आखत होती. लिडिया यांनी ती कल्पना धुडकावली. मुक्ती ताबडतोब व्हावी, अशी त्यांची मागणी होती. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तर उत्तरेत कोणी फारसे दुखावले नसते, कारण गुलाम होते दक्षिणेत. पण ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्यांनी उत्तरेकडे मोहरा वळविला. शाळांत, चर्चमध्ये आणि प्रवासी गाड्यांत काळ्या माणसाला वेगळे बसविणारे बोस्टनकर, आणि काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला बंदी करणारा मॅसॅच्युसेट्सचा कायदा, यांवर त्यांनी नाव घेऊन टीका केली. तो कायदा पुढे १८४३ मध्ये रद्द झाला.

परिणाम लगेच दिसू लागले. अथेनियमची सवलत गेली. ओळखीच्या घरांची दारे बंद झाली. कालपर्यंत मुलांच्या हाती ‘मिसेलनी’ देणाऱ्या आईबापांनी वर्गणी थांबविली आणि १८३४ मध्ये संपादकपद सोडण्याची वेळ आली. पुस्तकांचा खप घसरला. दोनशे वर्षांपूर्वीच्या सेलममधील मिश्र विवाहावर कादंबरी लिहिली, तेव्हा लोकांनी नाराजी दाखवूनही लेखिकेला डोक्यावर घेतले होते. चालू काळातील मिश्र विवाहाचा कायदा बदला म्हटल्यावर मात्र तेच लोक उलटले. वेंडेल फिलिप्स यांच्यासारखे चळवळीचे पुढचे थोर वक्ते आणि सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी या ग्रंथाचे ऋण मानले, पण त्याने घरची चूल पेटत नव्हती.

१८३६ मध्ये त्यांची तिसरी ऐतिहासिक कादंबरी ‘फिलोथिया’ आली. पेरिक्लीजच्या काळातील अथेन्समध्ये तिचे कथानक घडते. ती वाचली गेली, पण गेलेला वाचकवर्ग तिने परत आणला नाही.

आता साखरेकडे. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा भाग लुइझियानातील आणि वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवरून येई. लुइझियानात आणि क्यूबासारख्या बेटांवर हे काम गुलामांकडून होई. तोडणीच्या आणि गाळपाच्या दिवसांत त्यांना रात्रंदिवस राबविले जाई, कारण तोडलेला ऊस वाळत जातो आणि उतारा घटतो. ही घाई आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणि तोडणी मजुराला वेगळी समजावून सांगायला नको. गुलामांच्या श्रमाचा माल घ्यायचाच नाही, असे व्रत काही कार्यकर्त्यांनी घेतले होते. युरोपात नेपोलियनच्या काळापासून बिटाची साखर होत होती. तीच अमेरिकेत करून दाखविली, तर गुलामांच्या मालकांचा धंदाच बसेल, असा डेव्हिड यांचा हिशेब होता. १८३६ मध्ये ते हे तंत्र शिकण्यासाठी युरोपला गेले. १८३८ मध्ये पती-पत्नी पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे राहायला आले. अमेरिकेतील पहिला बीट साखर कारखाना तेथे उभा राहिला.

साखर निघाली. डेव्हिड यांना तिच्याबद्दल गौरवही मिळाला आणि १८४० मध्ये त्यांनी बिटाची लागवड व साखरनिर्मिती यांवर पुस्तकही लिहिले. पण भांडवल अपुरे, यंत्रे कच्ची आणि फुकटच्या श्रमाच्या साखरेपुढे दराचा टिकाव लागेना. कादंबरीकार लिडिया स्वयंपाक, धुणी आणि शेतीची कामे यांत पार अडकून गेल्या. शेजारी राहायला कोण असावे? दक्षिणेतील गुलामांच्या लिलावाच्या धंद्यातून निवृत्त झालेले एक धर्मभीरू गृहस्थ. १८४३ मध्ये डेव्हिड यांनी दिवाळे जाहीर केले. त्यांचा हिशेब मुळात चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बीट साखरेने मूळ धरले आणि आज अमेरिकेत तयार होणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर बिटापासूनच होते.

दरम्यान १८४१ मध्ये लिडिया एकट्याच न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तेथे त्यांनी ‘नॅशनल अँटी-स्लेव्हरी स्टँडर्ड’ या साप्ताहिकाचे दोन वर्षे संपादन केले. चळवळीतील भांडणांना कंटाळून त्यांनी ते सोडले, पण त्यातील शहरजीवनावरचे त्यांचे स्फुटलेख पुस्तकरूपाने खूप वाचले गेले. पतीच्या दिवाळखोरीनंतर त्यांनी आपले आर्थिक व्यवहार वेगळे केले. विवाहित स्त्रीच्या कमाईवर कायद्याने पतीचाच हक्क असल्याने यासाठी विश्वासू स्नेह्यांची मदत घ्यावी लागली. पुढे मृत्युपत्र करतानाही पतीची सही लागते हे कळल्यावर त्या संतापल्या होत्या. सही डेव्हिड यांनी आनंदाने केली असती, याबद्दल त्यांना शंका नव्हती. राग कायद्यावर होता. काही वर्षांनी पती-पत्नी पुन्हा एकत्र राहू लागले आणि शेवटपर्यंत राहिले. १८४४ मध्ये मुलांसाठीच्या एका संग्रहात त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या सणाला आजोबांच्या घरी निघालेल्या मुलांवर एक कविता लिहिली. ती आजही अमेरिकी शाळांत म्हटली जाते. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना कवयित्रीचे नाव ठाऊक नसते.

१८५० नंतरचा काळ वेलँड या खेड्यात, म्हाताऱ्या वडिलांच्या सेवेत आणि पुढे त्यांच्याच लहानशा घरात गेला. येथून त्यांनी जगातील धर्मांचा तीन खंडांचा तौलनिक इतिहास १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांना ख्रिस्ती धर्माच्या बरोबरीने, मिशनरी तुच्छतेविना स्थान दिले होते. १८५९ मध्ये जॉन ब्राऊन यांनी गुलामांच्या सशस्त्र उठावाचा प्रयत्न केला आणि ते जखमी अवस्थेत पकडले गेले. त्यांच्या शुश्रूषेसाठी तुरुंगात येऊ द्यावे, म्हणून सत्तावन्न वर्षांच्या लिडिया यांनी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांना पत्र लिहिले. त्यातून गव्हर्नरांशी आणि एका सिनेटरच्या पत्नीशी झालेला जळजळीत पत्रव्यवहार पुस्तिकेच्या रूपाने निघाला. तिच्या तीन लाख प्रती खपल्या. त्या काळच्या मानाने हा आकडा प्रचंडच.

१८६१ मध्ये हॅरिएट जेकब्ज या गुलामीतून निसटलेल्या स्त्रीचे आत्मकथन त्यांनी संपादित केले. जेकब्ज यांनी ते टोपणनावाने लिहिले होते. एका छपराखालच्या, सरळ उभेही राहता येत नाही अशा पोकळीत जवळपास सात वर्षे लपून काढल्याची हकिकत त्यात आहे. ती वाचणाऱ्यांना खरी वाटेना. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये लिडिया यांनी नव्याने मुक्त झालेल्यांसाठी ‘द फ्रीडमेन्स बुक’ हे वाचनपुस्तक पदरमोड करून काढले. कर्तबगार कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांची चरित्रे त्यात होती. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. कोणा एकाचे नाव त्या अर्पणपत्रिकेत नाही. पण ती ज्यांना उद्देशून होती, त्यांच्यात वेलँडच्या या म्हाताऱ्या बाईंचा समावेश नक्कीच होतो.

शेवटची कादंबरी १८६७ मधली, ‘अ रोमान्स ऑफ द रिपब्लिक’. न्यू ऑर्लिन्समधील एका श्रीमंत गोऱ्या व्यापाऱ्याच्या दोन मुली वडिलांच्या मृत्यूनंतर कळते की कायद्याने गुलाम आहेत, कारण त्यांची आई गुलाम कुळातली. पाळण्यातल्या मुलांची अदलाबदल, वेषांतरे असा सारा मालमसाला त्यात आहे आणि काही ठिकाणी कथानक ओढूनताणून चालते. परंतु ‘होबोमोक’मध्ये जे साधले नव्हते ते येथे साधले आहे. येथे कोणी अरण्यात निघून जात नाही. मिश्र विवाह टिकतात, मुले वाढतात. पुस्तक खपले नाही. स्नेह्यांनीही त्याची दखल घेतली नाही, याचे लेखिकेला दुःख झाले. त्यानंतर त्यांनी कादंबरी लिहिली नाही. १८६८ मध्ये आदिवासींवरील अन्यायाविरुद्ध मात्र त्यांनी पुन्हा एक आवाहन लिहिले. नॉरिजवॉकच्या नदीकाठच्या झोपड्या त्या विसरल्या नव्हत्या.

१८७४ मध्ये डेव्हिड वारले. सहा वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी लिडियाही गेल्या. वेलँडच्या दफनभूमीत दोघांची थडगी शेजारी आहेत. अंत्यविधीच्या वेळी वेंडेल फिलिप्स बोलले. कवी व्हिटियर यांच्या प्रस्तावनेसह त्यांची पत्रे लवकरच प्रसिद्ध झाली. मग जवळजवळ शंभर वर्षे त्यांचे नाव अभ्यासकांपुरतेच उरले. ‘होबोमोक’ची नवी आवृत्ती १९८६ मध्ये निघाली.

जेकब्ज यांच्या आत्मकथनाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. लिडिया चाइल्ड कादंबरीकार होत्या, तेव्हा हेही त्यांनीच रचलेले असणार, असे इतिहासकार विसाव्या शतकात बराच काळ धरून चालले. जीन फॅगन येलिन या संशोधिकेने जेकब्ज यांची पत्रे शोधून एकेक नाव, गाव आणि तारीख ताडून पाहिली. १९८७ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आली आणि मुखपृष्ठावर मूळ लेखिकेचे खरे नाव छापले गेले. लिडिया यांनी रचलेले ओटिस यांचे भाषण शाळांत खरे म्हणून शिकविले गेले होते. त्यांनी केवळ संपादिलेली खरी हकिकत मात्र खरी ठरायला १२६ वर्षे लागली.